काचेवरची रेघ

छंद हा शब्द मोठा गमतीचा आहे. कवितेच्या मापाला आपण छंद म्हणतो, आणि माणसाला जडलेल्या वेडालाही छंदच म्हणतो. एक मोजूनमापून चालणारा, तर दुसऱ्याला माप म्हणून ठाऊक नाही. शिवाय भाषेने आणखी एक सोय करून ठेवली आहे. छंद आपण करीत नाही, तो लागतो. भूक लागावी, ठेच लागावी, दुपारच्या वेळी नकळत डोळा लागावा, तसा तो लागतो. त्यामुळे छंदिष्ट माणसाला कुणी जाब विचारलाच, तर त्याने व्याकरणाकडे बोट दाखवावे आणि मोकळे व्हावे.

मला लागलेला छंद चित्रे काढण्याचा आहे. एवढे सांगितले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर कौतुक उमटते. पण ही चित्रे मी कागदावर नव्हे, संगणकावर काढतो, हे पुढचे वाक्य उच्चारले की ते कौतुक जलरंगासारखे वाळता वाळता फिके पडते. "म्हणजे चित्र तुम्ही काढता, की कॉम्प्युटर काढतो?" हा प्रश्न मला नेरूळच्या भाजीबाजारापासून शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीपर्यंत सर्वत्र विचारला गेला आहे. पेटी वाजवणाऱ्याला "गाणं तुम्ही वाजवता की पेटी वाजवते?" असे कुणी विचारीत नाही. पेटी बिचारी जुनी झाली, घरची झाली. संगणकाला अजून तेवढे नशीब लाभायचे आहे.

खरे म्हणजे पडद्यावर लेखणीने रेघ ओढणे ही काही कालपरवाची गोष्ट नव्हे. अमेरिकेत आयव्हन सदरलंड नावाच्या तरुण संशोधकाने १९६३ साली 'स्केचपॅड' नावाची करामत करून दाखविली होती. प्रकाशाच्या लेखणीने त्याने संगणकाच्या पडद्यावर आकृत्या काढल्या. त्या वेळी आपल्याकडची मासिके जस्ताच्या ठशांवरून चित्रे छापीत होती. ती रेघ तिथून निघून माझ्या जेवणाच्या टेबलावर पोहोचायला जवळजवळ साठ वर्षे लागली, एवढेच.

ती पोहोचली कशी, तेही सांगतो. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्गातली मुले एकाएकी काचेपलीकडे जाऊन बसली. मी मराठी शिकवतो. फळ्याविना मराठीचा शिक्षक म्हणजे टाळाविना वारकरी. ऱ्हस्व-दीर्घ नुसते तोंडाने सांगून भागत नाही. वेलांटी कुठून वळली ते हाताने दाखवावे लागते. म्हणून एक पाटी विकत आणली. काळीभोर, वहीच्या पानापेक्षा लहान, आणि तिच्यासोबत शाई नसलेले एक पेन. त्या पाटीवर लिहिले की अक्षर पाटीवर उमटत नाही. ते समोरच्या पडद्यावर उमटते. पुढे शाळा पुन्हा सुरू झाल्या, खडू-फळा परत आला. पण ते पेन काही माझ्या हातातून सुटले नाही. एके संध्याकाळी वह्या तपासून झाल्यावर मी सहज समोरची चहाची किटली काढली. दुसऱ्या दिवशी खिडकी काढली. तिसऱ्या दिवशी ध्यानात आले की, लागलेले आहे!

पहिला पंधरवडा मोठ्या मजेत गेला. हात एकीकडे आणि डोळे दुसरीकडे, असा तो संसार. आरशात पाहून दुसऱ्याची दाढी करावी, तसे काहीसे वाटते. मग हळूहळू हाताला विश्वास येतो. त्या पेनाला दाबाच्या ८१९२ पायऱ्या कळतात, असे डब्यावर छापले होते. एवढ्या पायऱ्या चढायला मी कुठे जातो! पण हलका हात ठेवला की केसासारखी रेघ येते आणि दाब दिला की ती पिंपळाच्या पानासारखी रुंदावते, हे पाहताना बोरूने कित्ता गिरवणाऱ्या पोराचा आनंद होतो. चित्रासाठी मी 'क्रिटा' नावाचे सॉफ्टवेअर वापरतो. जगभरच्या जाणत्या आणि हौशी माणसांनी मिळून ते उभे केले आहे आणि ते फुकट मिळते. शिक्षकाच्या छंदाला याहून मोठे प्रशस्तिपत्र नको.

त्यात मला सर्वांत आधी भावली ती 'लेयर'ची, म्हणजे थरांची, कल्पना. आकाश एका थरावर काढावे, डोंगर दुसऱ्यावर, झाड तिसऱ्यावर. झाड आवडले नाही तर तेवढेच पुसावे. आकाशाला धक्का लागत नाही. हे सगळे मला अगदी नवे वाटत होते. पण राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत जो छापखाना काढला आणि जो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, तिथे काय होत असे? लक्ष्मीच्या एका तसबिरीसाठी एकेका रंगाचा एकेक दगड. एका दगडावरून लुगड्याचा लाल रंग उमटे, दुसऱ्यावरून कमळाचा गुलाबी. एकावर एक असे सगळे दगड छापून झाले की आपल्या आजीच्या देवघरातली लक्ष्मी पुरी होई. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी याच छापखान्यासाठी काम करीत. म्हणजे थर जुनेच आहेत. फक्त ते उचलायला आता दगडाचे वजन राहिले नाही.

आता मला आमच्या अण्णांविषयी सांगितले पाहिजे. कारण या छंदातले जे काही थोडेफार माझ्या हाताला आले, त्यातले निम्मे त्यांच्यापासून आले आहे.

अण्णा, माझे वडील, पेंटर होते. पनवेलच्या बाजारपेठेतल्या दुकानांच्या पाट्या, ट्रकांच्या मागची अक्षरे, निवडणुकीच्या भिंती, गणेशोत्सवाचे फलक, हे त्यांचे काम. चित्रकला ते कुठल्या शाळेत शिकले नव्हते. लहानपणी रद्दीच्या दुकानात बसून दिवाळी अंकांची मुखपृष्ठे उतरवून काढणे, ही त्यांची शाळा. गोव्यात जन्मलेले दीनानाथ दलाल, ज्यांनी १९४५ साली 'दीपावली' सुरू केला, आणि रघुवीर मुळगावकर, हे त्यांचे दोन गुरू. दोघांनाही त्यांनी कधी पाहिले नाही. दलाल १९७१ साली गेले, मुळगावकर १९७६ साली. अण्णा अजूनही त्यांच्याविषयी वर्तमानकाळात बोलतात. "दलालांच्या रेघेत बाई वळते. मुळगावकरांच्या रंगात ती उभी राहते."

मग फ्लेक्स आला. जी पाटी रंगवायला अण्णांना दोन दिवस लागत, ती यंत्रातून काही मिनिटांत चकचकीत बाहेर पडू लागली, आणि वर मालकाचा फोटो! त्यांनी कुणाकडे तक्रार केली नाही. ब्रश रॉकेलमध्ये धुतले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि माळ्यावर ठेवून दिले. पुढे ते आमच्याकडे नेरूळला राहायला आले, तेव्हा ते पुडकेही सोबत आले. पण उघडले गेले नाही.

तेव्हा ज्या यंत्राने त्यांची भाकरी नेली, त्याच यंत्रापुढे त्यांचा मुलगा रोज संध्याकाळी हौस म्हणून चित्रे काढीत बसू लागला, हे त्यांना कसे वाटले असेल? मी विचारले नाही आणि ते बोलले नाहीत. मी पेन हातात घेतले की ते वर्तमानपत्र उघडीत. पाच-सहा महिने त्यांनी पडद्याकडे पाहिलेसुद्धा नाही. घरात दोन माणसे चित्रकलेच्या वेडाची, आणि दोघांमध्ये एक वर्तमानपत्र आडवे!

ते वर्तमानपत्र खाली आले ते एका भांडणामुळे. मी मुलीला सांगत होतो की पडद्यावर लाल आणि हिरवा उजेड मिसळला की पिवळा होतो. आडून आवाज आला, "काहीतरी शिकवू नकोस पोरीला. लाल नि हिरवा मिसळला की चॉकलेटी होतो. चाळीस वर्षं डबे ढवळलेत मी." आम्ही दोघेही खरे होतो. रंगाचा लेप उजेड गिळतो, म्हणून रंगात रंग घातला की अंधार वाढतो. पडदा उजेड देतो, म्हणून उजेडात उजेड घातला की तो वाढतो. पण हे सांगून अण्णांना पटणारे नव्हते. मग मी मोबाइलच्या पडद्यावर पिवळा रंग आणला आणि त्यावर बोटाने पाण्याचा एक बारीकसा थेंब ठेवला. थेंब म्हणजे भिंगच. अण्णांनी चष्मा वर सारून त्यात पाहिले. पिवळ्याचा कुठे पत्ता नव्हता. शेजारी शेजारी लाल आणि हिरवे कण तेवढे लखलखत होते, निळे विझलेले.

बराच वेळ ते पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे ही चौकडीच झाली की. आम्ही मोठ्या भिंतीवर गांधीजी काढायचो, तेव्हा फोटोवर चौकटी आखायच्या, भिंतीवर चौकटी आखायच्या, नि एकेक घर भरत जायचं. तुझ्या यंत्राची घरं बारीक, एवढंच."

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "आणि मी जन्मभर ठिपक्यांची रांगोळी काढतेय, ते काय मग?"

यावर आम्हां दोघांजवळही उत्तर नव्हते. दारातल्या रांगोळीइतके जुने डिजिटल चित्र दुसरे कुठले असणार!

त्या दिवसापासून अण्णा माझ्या खुर्चीमागे उभे राहू लागले. मागे उभा राहणारा शिक्षक काय असतो, ते मला या वयात कळले. "बोटांनी ओढतोयस. खांद्यानं ओढ." पाटीवर लांब शिरोरेषा मारताना पेंटर बोटे आणि मनगट हलवीतच नाही, हात काठीवर टेकवतो, श्वास धरतो आणि सगळा दंड सरकवतो. मी ते करून पाहिले. इंटरनेटवरच्या शंभर धड्यांनी जी रेघ सरळ झाली नव्हती, ती त्या एका वाक्याने झाली. सरावासाठी त्यांनी मला चित्र दिले नाही, अक्षर दिले: 'अ'. "अ आला की माणसाचा चेहरा येतो. त्यात सगळी वळणं आहेत." महिनाभर मी अ काढला. मराठीच्या शिक्षकाला पहिलीत बसवणारे असे वडील सर्वांना लाभोत.

आता विषयांविषयी. लोक म्हणतात, नव्या मुंबईत काढण्यासारखे आहे काय? सगळा सिडकोने आखलेला गाव. मुंबईच्या पलीकडे खाडीपार नवे शहर वसवावे, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ च्या सुमाराला मांडली आणि १९७० साली सिडको स्थापन झाली. शहर कागदावर आधी काढले गेले आणि जमिनीवर मागाहून उतरले, तेव्हा ते स्वतःच एक चित्र आहे, असे मी उत्तर देतो. बेलापूरला कोरियांनीच रचलेले 'आर्टिस्ट्स व्हिलेज' आहे. अंगणाभोवती अंगणे, त्यांवर उतरती छपरे. रहिवाशांनी त्या घरांवर इतके मजले, जाळ्या आणि रंग चढवले आहेत की मूळ रेघ शोधून काढणे हाच एक खेळ होऊन बसतो. मी तिथे रविवारी सकाळी जातो, मोबाइलवर चार ओबडधोबड रेघा मारून घेतो, आणि घरी येऊन त्यावर थर चढवतो.

पण आमचे खरे दैवत म्हणजे रोहित पक्षी, ज्यांना आता सगळे फ्लेमिंगोच म्हणतात. पावसाळा सरला की ते ठाण्याच्या खाडीत येऊ लागतात आणि उन्हाळ्यापर्यंत मुक्काम ठोकतात. २०१५ साली खाडीचा काही भाग त्यांच्यासाठी अभयारण्य झाला, आणि २०२२ साली ठाणे खाडीला रामसर पाणथळ म्हणून जागतिक मान मिळाला. नेरूळच्या पाणथळीवर मी अण्णांना घेऊन गेलो. घरी येऊन मी पक्ष्यांना झकास गुलाबी रंग भरला आणि चित्र मेळ्यातल्या फुग्यांसारखे दिसू लागले. अण्णा म्हणाले, "गुलाबी पक्ष्यात नाहीये. चिखलात आहे."

हे वाक्य कोड्यासारखे वाटेल, पण ते अक्षरशः खरे आहे. पक्षीशास्त्राच्या दृष्टीनेही खरे. कारण त्या पक्ष्याचा रंग तो चिखलपाण्यातून गाळून खातो त्या शेवाळातूनच येतो. आणि चित्राच्या दृष्टीनेही. शेवरूल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ साली मोठा ग्रंथ लिहून हेच सांगितले. पॅरिसच्या एका गालिचाच्या कारखान्यात तो रंगांवर देखरेख करी. धाग्याचा रंग मेला म्हणून तक्रार येई. धागा तपासावा तर तो शाबूत. दोष शेजारच्या धाग्याचा असे! मी पक्षी जवळजवळ पांढरे केले, पंखांत नाममात्र गुलाबी ठेवला आणि सगळा वेळ चिखलाच्या हिरवट करड्या रंगात घालवला. पक्षी आपोआप लाजले.

असाच एक धडा निरांजनाने दिला. सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचे हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. पुष्कळ लोक ते रविवर्म्यांचे समजतात. हळदणकरांनी आपल्या मुलीला समोर उभे करून ते जलरंगात काढले. जलरंगात उजेड लावता येत नाही. तो राखावा लागतो. कागद जिथे कोरा ठेवाल तिथे दिवा. संगणकावर मात्र उजेड फुंकायला हवा तेवढा मिळतो. 'स्क्रीन' नावाचा थर टाकला की सगळे लख्ख. पण तसा काढलेला दिवा ट्यूबलाइटसारखा दिसतो. म्हणून मी हळदणकरांच्या वाटेने गेलो. 'मल्टिप्लाय'चा थर घेतला. त्यात खालच्या रंगाला वरचा रंग गुणतो, आणि अर्ध्याला अर्ध्याने गुणले की पाव उरतो, हे आमच्या गणिताच्या बाईंनी समजावून दिले. तो अंधार भोवती हळूहळू चढवीत गेलो. मधे बोटाएवढी जागा राखली. तिला हात न लावता तिथे ज्योत लागली.

एक चित्र मात्र आम्हां दोघांचे आहे. पनवेलच्या खाडीपलीकडे उलव्याची टेकडी होती. विमानतळासाठी ती कापून सपाट केली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला, आणि २०२५ च्या २५ डिसेंबरला तिथून विमाने उडू लागली. विमानतळ हवा होता. माझी मुलगी तर पहिल्याच दिवशी गच्चीत जाऊन विमाने मोजीत उभी राहिली. पण अण्णांच्या डोळ्यांत ती टेकडी बसलेली आहे. त्यांनी तिची कड सांगितली, मी ती काढली. "इथं उतार मोठा होता. नाही, इतका नाही." तीन संध्याकाळी लागल्या. ते म्हणाले, "टेकडी वेगळ्या थरावर ठेव." आता त्या चित्रात थराशेजारच्या डोळ्याच्या खुणेवर टिचकी मारली की टेकडी नाहीशी होते, पुन्हा मारली की परत येते. अण्णा कधी कधी नुसते तेवढेच करीत बसतात.

त्यांचा हात आता कापतो. त्यामुळे पेन पुढे केले की ते मागे सरत. क्रिटात रेघ सावरून धरणारी एक सोय आहे. हात कापला तरी रेघ संथ येते. मी ती सुरू करून दिली, पण मनात धाकधूक होती. आयुष्यभर ज्याने आपल्या हाताच्या भरवशावर पोट भरले, त्याला यंत्राचा आधार देणे म्हणजे अपमान तर नव्हे? अण्णांनी एक शिरोरेषा ओढली. ती पूर्वीसारखी आली. त्यांनी ती पाहिली आणि म्हणाले, "डोळ्याला चष्मा चालतो, मग हाताला का चालू नये?" इंग्रज चित्रकार डेव्हिड हॉकनी सत्तरी ओलांडल्यावर, २००९ पासून, फोनवर बोटाने चित्रे काढून मित्रांना पाठवू लागला, हे मी त्यांना मोठ्या उत्साहाने सांगितले. "मग मी उशीर केलेला नाही," एवढेच ते म्हणाले.

आता तर नुसते शब्द सांगितले की चित्र करून देणारी यंत्रे आली आहेत. वर्गातल्या एका मुलाने विचारले, "सर, मग तुम्ही कशाला शिकता?" हा प्रश्न मी घरी नेला; कारण यंत्राने काम नेल्यावर काय होते, ते सांगण्याचा अधिकार माझ्यापेक्षा अण्णांचा मोठा. ते म्हणाले, "काम जातं. ते मी पाहिलंय; त्याला वाईट वाटायचं तेवढं वाटतं, नि वाटू द्यावं. पण हॉटेलात जेवण तयार मिळतं म्हणून आपली भूक दुसऱ्याला लागते का?" त्या मुलाला मी हेच उत्तर दिले. त्याला ते कितपत पटले, कुणास ठाऊक; डबा खायची सुट्टी झालेली होती.

गेल्या महिन्यात आमच्या इमारतीखालच्या इस्त्रीवाल्याला पाटी हवी होती. अण्णांनी ती पडद्यावर लिहिली. 'इस्त्री' या शब्दातले जोडाक्षर लिहिताना चार दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. पाटी छापून आली, आणि आली ती अर्थातच फ्लेक्सवर! अण्णा खाली गेले, रस्त्यापलीकडे उभे राहून त्यांनी ती डोळे बारीक करून न्याहाळली. मला वाटले, आता काहीतरी मोठे बोलतील. ते म्हणाले, "वेलांटी अजून बोटभर खाली हवी होती. आणि दोन पावसाळ्यांत रंग उडेल याचा. ऑइलपेंट दहा वर्षं टिकायचा."

मग ते वर आले, पाटी पुढ्यात ओढली आणि चहाच्या टपरीसाठी दुसरी अक्षरे काढायला बसले. हल्ली पेन माझ्या वाट्याला रात्री दहानंतर येते. दिवाळीनंतर दुसरी पाटी घ्यावी म्हणतो.